करारात शिल्प असते, शिल्पाची जागा नसते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या व्यापारी संकुलाचे, विमानतळाच्या इमारतीचे किंवा मोठ्या कार्यालयाचे उद्घाटन झाले की बातमीत मजल्यांचा, चौरस फुटांचा आणि वाहनतळाच्या क्षमतेचा तपशील येतो. दर्शनी दालनात टांगलेल्या किंवा प्रांगणात उभ्या केलेल्या कलाकृतीचा उल्लेख झालाच तर ‘भव्य’, ‘आकर्षक’ अशा एखाद्या विशेषणावर भागवले जाते. ती कोणी केली, त्या जागेसाठीच केली की तयार आणून ठेवली, तिची देखभाल कोणाकडे आहे आणि उद्या इमारत विकली गेली तर तिचे काय होणार, हे कोणी विचारत नाही. हे प्रश्न फक्त कलावंतांच्या हिताचे आहेत असे मला वाटत नाही. अशा जागांची मालकी खाजगी असली तरी त्यांतून रोज असंख्य माणसे जातात-येतात, थांबतात, एकमेकांची वाट पाहतात, आणि संग्रहालयाची पायरी कधीही न चढलेल्या अनेकांचा समकालीन शिल्पाशी पहिला संबंध येथेच येतो. त्या संबंधाची गुणवत्ता कशावर ठरते याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे.

अमेरिकी कलावंत रॉबर्ट अर्विन यांनी १९८५ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या कलाकृतींची चार प्रकारांत केलेली विभागणी येथे उपयोगी पडते. पहिल्या प्रकारात कलाकृती आजूबाजूची दखल न घेता आपल्याच तोऱ्यात उभी असते. दुसऱ्यात ती कार्यशाळेतच घडते, फक्त तिचा आकार आणि स्थान जागेच्या मापाने बेतले जाते. तिसऱ्यात ती विशिष्ट जागा डोळ्यांसमोर ठेवूनच घडवली जाते, तरीही कलावंताची नेहमीची सामग्री आणि हात ओळखू येतो. चौथ्यात मात्र कलावंत कोणताही आराखडा सोबत न घेता जागेवर जातो, तेथील उजेड, आवाज, वर्दळ आणि सवयी पाहत राहतो, आणि काय करायचे, किंबहुना काही करायचे की नाही, हे त्या पाहण्यातून ठरवतो. व्यापारी इमारतींत आपल्याला बहुधा पहिले दोन प्रकारच भेटतात, आणि याचा दोष कलावंतांच्या प्रतिभेला देण्याआधी त्यांना कधी बोलावले जाते ते पाहावे. नकाशे मंजूर झालेले असतात, छतात दिव्यांच्या आणि आग विझवणाऱ्या फवाऱ्यांच्या नळ्या बसलेल्या असतात, फरशीखाली वाहनतळ असल्यामुळे किती वजन पेलेल हे आधीच ठरून गेलेले असते, आणि मग उरलेल्या रिकाम्या भिंतीसाठी किंवा कोपऱ्यासाठी शिल्पकाराची शोधाशोध सुरू होते. वरातीमागून आलेल्या घोड्याने दिमाखात चालावे अशी अपेक्षा तेवढी कायम असते.

व्यावसायिक जागा हे संग्रहालयाचे दालन नव्हे, हे उघड आहे. पण तिचे वेगळेपण नेमके कशात आहे हे क्वचितच नीट पाहिले जाते. येथे आलेला माणूस कला पाहायला आलेला नसतो. त्याच्या हातांत पिशव्या असतात किंवा डोक्यात कामाची वेळ असते. तो थांबत नाही, आणि थांबला तर बहुधा कोणाची तरी वाट पाहत थांबतो. सरकत्या जिन्यावरून वर जाणाऱ्याला एकच शिल्प काही सेकंदांत पायथ्यापासून माथ्यापर्यंत उलगडत दिसते, म्हणजे समोरून पाहण्याचा एकच ठरलेला कोन येथे संभवत नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर २०१२ मध्ये बसवलेल्या गतिमान शिल्पात नेमका हाच विचार आहे. तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियमचे १,२१६ थेंब बारीक तारांनी दोन सरकत्या जिन्यांच्या वर टांगलेले आहेत, आणि संगणकाच्या आज्ञेने ते इतक्या संथपणे वरखाली होत आकार बदलतात की घाईत असलेल्या प्रवाशाची नजर आपोआप मंदावते. जिना, छताची उंची आणि प्रवाशाचा वेग ही त्या शिल्पाची सामग्रीच आहे. तेच थेंब एखाद्या बंद दालनात टांगले तर सुंदर दिसतील, पण त्यांचे काम तेथे उरणार नाही.

सिंगापुरातीलच मरिना बे सँड्स या हॉटेल-संकुलासाठी नेड कान यांनी केलेली दोन कामे मला याहून अधिक महत्त्वाची वाटतात, कारण त्यांत शिल्प आणि इमारतीची गरज यांची फारकतच केलेली नाही. एका ठिकाणी हॉटेलच्या काचेच्या दर्शनी बाजूवर सुमारे दोन लाख साठ हजार लहान अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्या बिजागरीवर लटकवलेल्या आहेत. वारा आला की त्या लहरत जातात आणि एरवी न दिसणारा वारा डोळ्यांना दिसतो. त्याच वेळी त्या आतल्या भागाला ऊन लागू देत नाहीत. दुसऱ्या ठिकाणी, खरेदीच्या दालनांवर, एका प्रचंड पारदर्शक वाडग्यात पाण्याचा भोवरा फिरतो आणि मधल्या छिद्रातून ते पाणी खालच्या मजल्यावरील तळ्यात कोसळते. खाली चालणाऱ्याला तो धबधबा वाटतो, वरून पाहणाऱ्याला भोवरा. दोन्ही कामे इमारत आकार घेत असतानाच ठरली नसती तर होऊच शकली नसती, कारण तेवढे पाणी, तेवढा भार आणि तेवढा वारा मागाहून कोणत्याही अभियंत्याने मान्य केला नसता.

याच्या अगदी उलट टोकाचे, अत्यंत स्वस्त सामग्रीचे आणि तरीही माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत बुद्धिमान उदाहरण अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील हॅमडेन येथे होते. साइट या वास्तुरचनाकारांच्या गटाने १९७८ मध्ये तेथील एका खरेदी केंद्राच्या वाहनतळावर वीस जुन्या मोटारी कमीअधिक खोलीवर पुरल्या आणि त्यांवर डांबर ओतले. काही गाड्यांची फक्त टपाची कड दिसे, काहींचा जवळजवळ पूर्ण आकार कळे. नवे काही आणलेच नव्हते. वाहनतळावर आधीपासूनच असलेल्या दोन गोष्टी, मोटार आणि डांबर, यांची उलटापालट केली होती, आणि शेजारी गाडी लावून खरेदीला निघालेल्या प्रत्येकाला आपण ज्या वस्तूतून उतरलो तिच्याकडे पुन्हा पाहावे लागे. खरेदी केंद्राचे मालक डेव्हिड बर्मांट हे स्वतः गतिमान कलेचे संग्राहक होते आणि कला संग्रहालयांपेक्षा माणसांच्या रोजच्या वाटेवर असावी असे त्यांचे मत होते. म्हणजे मालकाचा आग्रह आणि कलावंतांची नजर यांचा मेळ बसला तर व्यापारी जागेतही केवढी मोकळीक मिळू शकते, याचा तो पुरावा होता. ‘होता’ म्हणायचे कारण, झिजत आणि तडकत गेलेले ते काम २००३ मध्ये काढून टाकण्यात आले. याच गटाने बेस्ट या अमेरिकी दुकानसाखळीसाठी सत्तरच्या दशकात केलेल्या दुकानांचेही तसेच झाले. सॅक्रामेंटोच्या दुकानात सकाळी इमारतीचा ४५ टनांचा एक कोपराच रुळांवरून बाजूला सरके आणि त्या खिंडारातून ग्राहक आत जात. कंपनी नव्वदच्या दशकात बंद पडली आणि पुढच्या मालकांनी यांतली बहुतेक दुकाने चारचौघांसारखी करून टाकली.

येथे कोणी म्हणेल की बाजाराने कला पोसावी ही अपेक्षाच भाबडी आहे. तसे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की अशा कलाकृतींपैकी बऱ्याच मालकाच्या औदार्यातून नव्हे, तर शहराने घातलेल्या अटींमधून आलेल्या आहेत. फिलाडेल्फियाने १९५९ पासून पुनर्विकासाच्या जमिनीवर बांधणाऱ्यांना बांधकाम खर्चाचा किमान एक टक्का कलेवर खर्च करणे भाग पाडले, आणि क्लेस ओल्डनबर्ग यांचा ४५ फुटी कपड्यांचा चिमटा १९७६ मध्ये एका कार्यालयीन इमारतीसमोर उभा राहिला तो याच नियमामुळे. समोर नगरभवनाचा नक्षीकामाने लगडलेला मनोरा, पायाशी भुयारी रेल्वेचे प्रवेशद्वार, आणि मध्ये घराघरांत असणारी एक वस्तू इमारतीच्या मापात वाढवलेली: त्या चिमट्याचा विनोद त्या चौकाविना अर्धाच राहतो. न्यूयॉर्कने १९६१ च्या नियमावलीत इमारतीपुढे लोकांसाठी मोकळे प्रांगण सोडणाऱ्या विकासकाला जादा चटईक्षेत्र दिले. त्या सवलतीच्या बदल्यात मिळालेली अनेक प्रांगणे इतकी भकास निघाली की १९७५ मध्ये बसण्याची सोय वगैरे अटी नव्याने घालाव्या लागल्या. भकास प्रांगणात मधोमध एक शिल्प ठेवून दिले की काम झाले, हा समज त्याच काळात पक्का झाला. सगळेच तसे नव्हते. ब्रॉडवेवरील एका काळ्या, सरळसोट मनोऱ्यासमोर इसामू नोगुची यांनी १९६८ मध्ये लाल घन एका टोकावर तोलून उभा केला. आजूबाजूच्या सगळ्या उभ्या-आडव्या रेघांत तेवढाच तिरका आहे, आणि त्याच्या पोटातल्या आरपार छिद्रातून मागची इमारत दिसते. समाजाकडून जादा बांधकामाचा हक्क घेतला असेल तर त्या बदल्यात दिलेली कलाकृती ही मालकाची खाजगी सजावट राहत नाही, एवढे तरी यावरून मान्य व्हावे.

जपानमधील तोक्योजवळच्या ताचिकावा येथे याच विचाराला अधिक व्यावहारिक वळण मिळाले. अमेरिकी लष्करी तळाच्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर कार्यालये, हॉटेल आणि मोठी दुकाने यांचा भाग वसवताना संयोजक फ्राम किटागावा यांनी ३६ देशांतील ९२ कलावंतांना बोलावले आणि १९९४ मध्ये तेथे १०९ कलाकृती उभ्या राहिल्या. कलाकृतींसाठी वेगळी जागा उरलीच नव्हती, तेव्हा हवा बाहेर टाकणाऱ्या नळकांड्यांची आवरणे, गाड्या अडवणारे खुंट, बाके, झाकणे आणि भिंतींचे कोनाडे हीच कलावंतांना वाटून देण्यात आली. एरवी अभियंत्याने सूचीतून क्रमांक निवडून मागवलेल्या वस्तू त्या ठिकाणी कोणाच्या तरी विचारातून आल्या. आपल्याकडे असा प्रयोग करायला जादा जमीन लागत नाही, जादा पैसाही फारसा लागत नाही. लागते ती फक्त कलावंताला वेळेवर बोलावण्याची तयारी.

जागेला प्रतिसाद देणे म्हणजे नेहमी जागेशी गोडीगुलाबीने वागणे असेही नाही. मार्क रॉथको यांनी १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सीग्राम इमारतीतील एका महागड्या उपाहारगृहासाठी भित्तिचित्रमालिका करण्याचे काम स्वीकारले, बरीच चित्रे केलीही, आणि त्या जागेतले वातावरण अनुभवल्यावर पैसे परत करून चित्रे देण्यास नकार दिला. ती चित्रे होती, शिल्पे नव्हती. पण जागा समजून घेतल्यावर ‘नाही’ म्हणणे हेही एक उत्तर असू शकते, हे अर्विन यांच्या चौथ्या प्रकारात गृहीतच आहे. दुसऱ्या बाजूने हेही मान्य केले पाहिजे की प्रत्येक चांगली कलाकृती जागेतूनच उगवते असे नाही. लुईझ बुर्ज्वा यांची अजस्र कोळीण अनेक शहरांत उभी आहे, ती तोक्योच्या रोप्पोंगी हिल्स या व्यापारी संकुलासाठी घडवलेली नव्हती, आणि तरी तिच्या उंच पायांखाली भेटण्याची वेळ ठरवण्याइतकी ती तेथे रुजली. मात्र तशी रुजण्याची ताकद असलेले काम दुर्मीळ असते, आणि त्या अपवादाचा आधार घेऊन सूचीतून निवडलेल्या चकचकीत आकृत्यांचे समर्थन करता येणार नाही.

सध्या प्रतिष्ठा आहे ती छायाचित्र काढण्याजोग्या आकृतींना. न्यूयॉर्कच्या हडसन यार्ड्स या संकुलात २०१९ मध्ये उभारलेली ४६ मीटर उंच, सुमारे अडीच हजार पायऱ्यांची रचना हे त्याचे ठळक उदाहरण होय. सुरुवातीला तेथील अटींत अभ्यागतांनी काढलेल्या छायाचित्रांवरही मालकांना व्यापक हक्क दिलेले होते आणि टीका झाल्यावर त्या बदलाव्या लागल्या. पुढे सुरक्षिततेच्या गंभीर कारणाने ती रचना दीर्घकाळ बंद ठेवावी लागली आणि २०२४ मध्ये पोलादी जाळ्या लावून पुन्हा उघडण्यात आली. माणसे तेथे कशी वागतील, किती उंचीवर कठडा किती हवा, हा विचार जागेच्या विचारातच येतो, तो सुरक्षा विभागावर ढकलता येत नाही.

आता सर्वांत दुखऱ्या भागाकडे येतो. अलेक्झांडर काल्डर यांचे काळे-पांढरे टांगते शिल्प १९५८ मध्ये पिट्सबर्गच्या विमानतळाला मिळाले, तर तेथील व्यवस्थापनाने ते स्थानिक प्रशासनाच्या हिरव्या-सोनेरी रंगांत रंगवले आणि वाऱ्याने हलायचे शिल्प यंत्राने फिरवले. मूळ रूप परत यायला दोन दशके लागली. नोगुची यांनी न्यूयॉर्कमधील एका बँकेच्या दालनासाठी केलेले टांगते शिल्प १९८० मध्ये त्यांना न कळवताच तुकडे करून काढण्यात आले. या दोन्ही वेळी कोणाचा हेतू दुष्ट होता असे म्हणण्याची गरज नाही. व्यवस्थापनाच्या नोंदवहीत शिल्प आणि सोफा एकाच सदरात मांडलेले असले की असेच होते.

रिचर्ड सेरा यांच्या १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी भिंतीचा वाद सुपरिचित आहे. ती १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी कार्यालयांच्या चौकात उभारली गेली, १९८५ च्या जाहीर सुनावणीत बोललेल्या १८० जणांपैकी १२२ जणांनी ती ठेवावी असे सांगितले, आणि तरीही १९८९ मध्ये ती कापून हलवण्यात आली. जागेसाठी केलेले काम जागेवरून हलवणे म्हणजे ते नष्ट करणे, ही सेरा यांची भूमिका मला तत्त्वतः पटते. त्याच वेळी रोज त्या भिंतीला वळसा घालून कामावर जाणाऱ्यांचा वैताग खोटा होता असेही मी म्हणणार नाही. पण त्या प्रकरणात निदान सुनावणी झाली. खाजगी इमारतीत तीही होत नाही.

कायदा याबाबतीत अर्धवट आहे. बोस्टनमध्ये खाजगी कंपनीच्या ताब्यातील एका उद्यानासाठी डेव्हिड फिलिप्स यांनी केलेल्या शिल्पांच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये असे ठरवले की कलावंतांच्या हक्कांचा १९९० चा संघीय कायदा जागेशी बांधलेल्या कलाकृतीला लागूच होत नाही. म्हणजे जे काम जागेवर सर्वाधिक अवलंबून, त्यालाच संरक्षण नाही. आपल्या देशात अमरनाथ सहगल यांच्या खटल्याने पुष्कळ आशा निर्माण केली: दिल्लीच्या विज्ञान भवनातील त्यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून अडगळीत टाकले गेले होते, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल देऊन शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तथापि, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ज्या ५७ व्या कलमाचा आधार तेथे घेतला गेला, त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की कलाकृती प्रदर्शित न करणे किंवा कर्त्याच्या समाधानाप्रमाणे प्रदर्शित न करणे हा हक्कभंग मानला जाणार नाही. शिल्प मोडले तर दाद मागता येईल. ते धडधाकट अवस्थेत गोदामात नेऊन ठेवले तर बहुधा येणार नाही. जागेसाठी घडवलेल्या कामाच्या दृष्टीने या दोहोंत फरक किती राहतो, हे वाचकांनीच ठरवावे.

म्हणून कायदा बदलेपर्यंत जे काही करायचे ते करारातच करावे लागेल, आणि ते अवघड नाही. कलाकृतीचा भाग म्हणून जागेचे वर्णन लिहावे: कोणत्या बाजूने उजेड येतो, समोर काय मोकळे राहिले पाहिजे, जाहिरातीचा फलक किंवा सणासुदीची सजावट किती अंतरापर्यंत येऊ शकते. देखभालीची रक्कम बांधकामाच्या खर्चातच बाजूला काढावी. अनीश कपूर यांच्या शिकागोतील आरशासारख्या शिल्पाचा खालचा सहा फुटांचा भाग रोज दोनदा पुसला जातो. त्यासाठी माणसे आणि पैसा नसता तर त्यात शहराऐवजी हातांचे ठसे दिसले असते. मालक बदलला तरी अटी नव्या मालकाला बांधील राहतील अशी तरतूद असावी, आणि काम काढायचेच झाले तर कलावंताला आधी लेखी कळवून, ते त्यालाच परत घेण्याची किंवा त्या जागेच्या नव्या वापरानुसार बदलून देण्याची संधी द्यावी. काही कामे पाच-दहा वर्षांचीच म्हणून करावीत आणि तसे आरंभीच जाहीर करावे. मांडणशिल्पांच्या, म्हणजे जागेत वस्तू मांडून उभ्या केलेल्या कलाकृतींच्या, बाबतीत ते अनेकदा जास्त प्रामाणिक ठरते. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील एका बँकेसाठी हॅरी बर्टोया यांनी १९५४ मध्ये केलेला सुमारे ७० फुटांचा धातूचा पडदा २०१० मध्ये उतरवला गेला, पण इमारतीच्या अंतर्भागाला शहराने संरक्षण दिल्यावर आणि लोकांनी आवाज उठवल्यावर तो परत आला. बँकेच्या जागी तोवर कपड्यांचे दुकान आले होते आणि पडदा त्यातही शोभला. व्यवसाय बदलला म्हणजे कलाकृती निरुपयोगी होते, हा युक्तिवाद त्या एका उदाहरणाने पुरेसा लटका पडतो.

यात वृत्तपत्रांचाही वाटा आहे, संपादक महोदय. नाटकाचे, चित्रपटाचे आणि प्रदर्शनाचे परीक्षण आपण छापता. ज्या शिल्पासमोरून त्या सर्वांच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त माणसे रोज जातात त्याचे परीक्षण मात्र कोठे येत नाही. आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या उद्घाटनाच्या वेळी विकासकाला एवढेच विचारावे की कलावंताला कोणत्या टप्प्यावर बोलावले, देखभालीची तरतूद किती वर्षांची आहे आणि काम काढण्याबाबत करारात काय लिहिले आहे. आणि उत्तर मिळाले नाही, तर तसेही बातमीत छापावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपल्या वृत्तपत्राचा एक वाचक